चर्चमागची वाट

घरात बसल्या बसल्या आयव्हर मला दिवसातून वीसदा विचारायचा, "आपण कुठं आलोय?" मी म्हणायची, "घरी." मग तो भिंतीकडे, घड्याळाकडे, शेगडीवरच्या किटलीकडे बघायचा आणि मान डोलवायचा. परक्याच्या घरी गेलेला सभ्य माणूस डोलवतो तशी. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. सत्तावन्न साली लग्न झाल्यापासून आम्ही त्या घरात राहत होतो, आणि त्याच्यावरचं गवती छप्पर आयव्हरनं स्वतःच्या हातांनी दोनदा शाकारलं होतं.

चर्चमागच्या वाटेवर मात्र त्यानं हा प्रश्न कधीच विचारला नाही.

मार्लस्टोकला येणारे पाहुणे आमच्या रस्त्याचे फोटो काढतात, जुन्या कोठाराचे काढतात, चहा-केक खातात आणि मोटारीत बसून जातात. चर्चच्या मागच्या भिंतीत एक लहान दार आहे, ते त्यांना दिसतही नाही. त्यातून बाहेर पडलं की कोठाराच्या कडेनं चार शेतं, मग ओढ्याकाठचं कुरण, मग दोन फळ्यांचा पूल, आणि पलीकडे हेझलच्या झुडपांच्या रानातून टेकडीवर चढण. तरुणपणी आम्ही दीड तासात जाऊन यायचो. पुढंपुढं अडीच तास लागायचे. आजार सुरू झाल्यावर आम्ही रोज सकाळी दहाला निघायचो, पाऊस असला तरी. आमची मुलगी कॅनडातून फोनवर रागवायची की या वयात चिखलात काय जाता. तिला मी काय सांगणार? तिचा बाप मला दिवसातून अडीच तासच भेटत होता.

दारातून बाहेर पडलं की त्याच्या पाठीला ताठरपणा यायचा. पहिल्या शेताच्या कुंपणाला चढून जायच्या पायऱ्या होत्या, तिथं तो आधी चढून मला हात द्यायचा. कुरणात कुठं पाणी साचतं ते त्याला माहीत असायचं. हेझलच्या रानात तो एखादी काठी वाकवून बघायचा आणि म्हणायचा, "अजून दोन वर्षं थांबायला हवं." छपराचा काड दाबून ठेवायला हेझलच्या काठ्यांचे आकडे लागतात, ते तो याच रानातून तोडायचा. आणि टेकडीवर पोचलो की खाली गाव दिसायचं, आणि तो आयुष्यभर स्वतः शाकारलेली छपरं मोजायला लागायचा. ते म्हाताऱ्या गेलचं. ते बेकरीवाल्याचं, त्याच्या कडेला उंदरांनी खाल्लंय, त्याचा दोष माझ्यावर नको. ते हॅन्सफर्डबाईंचं, बाई शिडीखाली उभी राहून दिवसभर सूचना द्यायची, शेवटी मी तिला म्हटलं, बाई, तुम्ही वर या, मी खाली उभा राहतो. ही गोष्ट मी चारशे वेळा ऐकली असेन. चारशे वेळा मी हसले, आणि प्रत्येक वेळी खरं हसले, कारण सांगताना तो आयव्हर असायचा.

कुरणाच्या तोंडाशी एक झुलतं फाटक होतं. अर्धगोल कुंपणात ते फिरायचं, एका वेळी एकच माणूस पलीकडे जायचा. आमच्याकडे अशा फाटकांची एक जुनी रीत आहे: आधी पलीकडे गेलेला फाटक धरून ठेवतो आणि मागच्यानं मुका दिल्याशिवाय सोडत नाही. आयव्हर याला जकात म्हणायचा. पंचेचाळीस वर्षं मी ती जकात भरली. आजारातही तो कधी विसरला नाही. एकदा मार्चमध्ये त्यानं फाटक धरलं, मी नेहमीप्रमाणे त्याच्या गालावर ओठ टेकले, आणि तो फाटक सोडता सोडता थांबला. इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई, एक विनंती होती. माझ्या बायकोला सांगू नका हं."

मी म्हटलं, "नाही सांगत."

"ती तशी चांगली आहे," तो म्हणाला. "पण तिला वाईट वाटेल."

मी पुढचं सगळं कुरण त्याच्या मागून चालले, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसू नये.

ही जमीन मेजर लॅंगटन यांची होती. शहाण्णव साली ते वारले, मग पुतण्यानं काही वर्षं कशीबशी चालवली आणि शेवटी लंडनच्या कॅलोवे नावाच्या माणसाला विकली. कॅलोवे वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. त्याच्या बायकोच्या घोड्या होत्या, भारी जातीच्या. पहिल्याच वर्षी कुणा पाहुण्याच्या सुट्या कुत्र्यानं एका गाभण घोडीला कुरणभर पळवलं आणि तिचं शिंगरू पोटातच गेलं. त्याची बायको आठवडाभर रडत होती असं बेकरीत ऐकलं. त्यानंतर महिन्याभरात चर्चमागच्या दारावर पाटी आली: खाजगी जागा, वाट नाही.

गाव हादरलं. सगळ्यांत जास्त हादरली मार्गो लेग. मार्गो निवृत्त भूगोल शिक्षिका, एकोणऐंशी साली गावात आलेली, पण तिच्याइतकं गाव कुणाला ठाऊक नाही. गळ्यात नकाशा अडकवूनच फिरते. पबमध्ये म्हणायचे की मार्गो न्हाणीघरातसुद्धा होकायंत्र घेऊन जाते. तिनं कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत जाऊन शोध घेतला, तर सार्वजनिक वाटांच्या नकाशावर आमची वाट नव्हतीच. पन्नासच्या दशकात नकाशा केला तेव्हा कुणी ती काढलीच नव्हती. पण त्यावर उपाय होता, आणि तो मार्गोनं आम्हाला गावच्या हॉलमध्ये फळ्यावर लिहून समजावला. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं सलग चालले, लपूनछपून नाही, कुंपण तोडून नाही आणि कुणाची परवानगी घेऊनही नाही, तर ती वाट कायद्यानं सगळ्यांची होते. मालक कुणीही असो.

"म्हणजे आगाऊपणानं चाललो तर वाट आपली, आणि सभ्यपणानं विचारून चाललो तर मालकाची?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"अगदी बरोबर," मार्गो म्हणाली. सगळे हसले. मी हसले नाही.

मार्गोनं एकतीस जणांचे साक्षीचे फॉर्म भरून घेतले. आमचा भरायला ती घरी आली. आयव्हर खिडकीशी बसला होता. त्याचं नाव लिहायची गरज नाही, असं तिनं हलक्या आवाजात सांगितलं. आम्ही किती सालापासून चालतो, आठवड्यातून किती वेळा, कुणी अडवलं का, असे प्रश्न होते. मग तो प्रश्न आला: या वाटेनं जाण्याची परवानगी मालकानं कधी दिली होती का? मी पेन उचलून धरलं.

मार्गो म्हणाली, "अगं, तिथं सगळ्यांनी नाहीच लिहिलंय. ही वाट कायमचीच आहे."

ती कायमची नव्हती. हे गावात आता फक्त मला ठाऊक होतं. लढाईच्या काळात त्या कुरणात सैन्याची छावणी होती, आणि सैन्य गेल्यावर मेजरांनी तिथं काटेरी तारा लावल्या. आत न फुटलेले तोफगोळे असतील असं ते सांगायचे. वीसेक वर्षं त्या बाजूला कुणी फिरकलं नाही. हेझलसाठी आयव्हरला डांबरी रस्त्यानं चार मैल वळसा पडायचा. मग अडुसष्ट सालच्या सप्टेंबरात, सुगीच्या जेवणाला, सगळं गाव जुन्या कोठारात जमलेलं असताना आयव्हर उठला आणि त्यानं मेजरांना सगळ्यांसमोर विचारलं. त्याच उन्हाळ्यात त्यानं मेजरांच्या तबेल्याचं छप्पर केलं होतं, तेवढी ओळख होती. मेजर उभे राहिले, पेला हातात घेऊन म्हणाले की आयव्हर स्क्विबनं रीतसर विचारलंय म्हणून मी होकार देतो, माझा विचार बदलेपर्यंत मार्लस्टोकच्या कुणीही या वाटेनं खुशाल जावं, फक्त कुत्री दोरीत ठेवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी आयव्हरनं स्वतः तारा कापल्या. ते झुलतं फाटक त्यानं आणि लोहारानं मिळून बसवलं.

त्या कोठारात त्या दिवशी सव्वाशे माणसं होती. लोहार वारला, म्हातारा गेल वारला, हॅन्सफर्डबाई गेल्या. तेव्हाची मुलं गाव सोडून गेली. मार्गोला आणि तिच्या बरोबरच्या लोकांना वाट मिळाली ती तयारच मिळाली. आणि मेजरांचा विचार काही बदलला नाही, म्हणजे ते असेपर्यंतचं सगळं चालणं परवानगीचंच धरलं जाणार होतं. ते गेल्यापासून पाटी लागेपर्यंत सोळाच वर्षं झाली होती. वीसला चार कमी.

मी तरुणपणापासून चर्चमध्ये रविवारी मुलांना शिकवत आले. खोटं बोलू नये, हे मी किती पोरांकडून पाठ करून घेतलं असेल. मी पेन टेकवलं आणि लिहिलं, नाही. अक्षर जरासुद्धा हललं नाही. मार्गोनं फॉर्म घडी करून पिशवीत टाकला आणि आयव्हरकडे बघून मला म्हणाली, "काळजी करू नकोस. त्याची वाट त्याला मिळेल."

निकाल लागेपर्यंत लोकांना चालू देईन, असं कॅलोवेनं कळवलं होतं. तेवढा तो भला. त्या वर्षभरात आम्ही एक दिवस चुकवला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की शब्द आधी जातात, पाय शेवटी, जोवर पाय ओळखतात तोवर चालवत राहा. मी ते इतकं मनावर घेतलं की मला ताप असताना सुद्धा नेलं.

चौकशी नोव्हेंबरात झाली. सरकारी निरीक्षक आले होते, पेनरोज नावाचे, मऊ आवाजाचे, सारखे चष्मा पुसणारे. गावच्या हॉलमध्ये पत्त्यांची टेबलं जोडून त्यांना बसायला जागा केली होती. एका बाजूला कॅलोवे आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला मार्गो आणि तिच्या सात फायली. मागं सगळं गाव. आयव्हरला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मी त्याला दुसऱ्या रांगेत बेकरीवाल्याशेजारी बसवलं आणि हातात बिस्किटांचा पुडा दिला.

माझी पाळी जेवणानंतर आली. मी सांगितलं की आम्ही पंचेचाळीस वर्षं या वाटेनं चालतो, आता रोज चालतो. पेनरोज लिहून घेत होते. वकिलानं फारसं काही विचारलं नाही. म्हातारीला छळलं तर वाईट दिसेल हे त्याला कळत होतं. शेवटी पेनरोजनीच विचारलं, "मिसेस स्क्विब, या सगळ्या काळात इस्टेटीकडून कुणी कधी तुम्हाला, किंवा गावाला, जायची परवानगी दिली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

मी उठायला लागले, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आयव्हर उभा राहिला होता. बेकरीवाल्यानं त्याची बाही ओढली, पण त्यानं ती सोडवून घेतली. बिस्किटांचा पुडा त्यानं खुर्चीवर नीट ठेवला. मग पेनरोजांकडे बघून, शिडीवरून बोलायचा तशा मोठ्या स्वच्छ आवाजात, तो बोलला. ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"असं कसं, साहेब. परवानगी मीच मागितली होती. सुगीच्या जेवणाला, कोठारात. मेजरसाहेबांनी उभं राहून दिली, सगळ्या गावाला. माझा विचार बदलेपर्यंत, म्हणाले. डल्सी माझ्या शेजारी होती. हिरवा फ्रॉक घातला होता तिनं, पडद्याच्या कापडाचा शिवलेला. मी तिला म्हटलं होतं, जपून गं, मेजर खिडकी समजून उघडतील तुला." तो हसला. मग माझ्याकडे वळला. "बरोबर ना, डल्सी?"

मी तो फ्रॉक विसरले होते. आईनं दिलेल्या पडद्याचा होता, खांद्यावर टोचायचा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांत मला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. आणि त्यानं मला डल्सी म्हटलं होतं. आठ महिने त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. वाटेवर सुद्धा नाही.

वकील उठून काही बोलणार होता, पण पेनरोजनी हातानं त्याला थांबवलं. ते म्हणाले की हे गृहस्थ साक्षीदारांच्या यादीत नाहीत, आणि यांच्या प्रकृतीची आपल्याला कल्पना दिलेली आहे. मग त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "तुम्ही यांना सगळ्यांत जवळून ओळखता. ते आत्ता जे बोलले त्याला मी किती वजन द्यावं, हे तुम्हीच मला सांगू शकाल."

मार्गो माझ्याकडे बघत होती. तिनं मान अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे हलवली. मला कळत होतं की एका वाक्याचं काम आहे. बिचाऱ्याला आता काही समजत नाही, जुनं-नवं मिसळतं, कुठलं तरी भलतंच बोलतो. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. सगळ्यांनी पाहिलं होतं त्याला दुकानात चुकताना, पाद्र्याला शिक्षक समजताना. वाट वाचली असती आणि वाटेवरचा माझा आयव्हर, जेवढा उरला होता तेवढा, वाचला असता.

पण तो उभा होता आणि माझ्या उत्तराची वाट बघत होता. किती तरी दिवसांनी त्याला एक गोष्ट अखंड आठवली होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माझ्यासकट. आणि मी सगळ्या गावासमोर म्हणणार होते की हे खरं नाही, याला वेड लागलंय. त्याच्या तोंडावर.

मी म्हटलं, "ते बरोबर सांगताहेत. तसंच झालं होतं. मघाशी मी खोटं बोलले, आणि फॉर्ममध्येही खोटं लिहिलं."

आयव्हर समाधानानं खाली बसला आणि त्यानं बिस्किटांचा पुडा उघडला.

पेनरोजनी ते लिहून घ्यायला बराच वेळ लावला. लिहिता लिहिता ते एकदा थांबले होते, मला वाटतं त्यांनाही ते लिहायचं नव्हतं. चौकशी संपल्यावर लोक माझ्या शेजारून निघून गेले. कुणी टोमणा मारला नाही. आमच्या गावात टोमणा मारत नाहीत, हवेबद्दल बोलतात, आणि त्या दिवशी माझ्याशी कुणी हवेबद्दलही बोललं नाही. मार्गो स्वयंपाकघरात कप विसळत होती. मी पुसायला फडकं घेतलं. तिनं पहिला कप माझ्याकडे सरकवला.

मग म्हणाली, "एकच वाक्य होतं, डल्सी. त्याला कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं."

"त्याला कळत होतं, मार्गो."

तिनं पुढचा कप माझ्या हातात दिला. तिचे डोळे लाल झाले होते. सात फायली आणि दोन वर्षं तिची त्यात गेली होती, आणि तिचा राग चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

घरी जाताना आयव्हरनं माझा हात धरला होता. मी त्याला सारखी बोलतं करत होते. हिरव्या फ्रॉकबद्दल विचारलं, मेजरांच्या मिशांबद्दल विचारलं, जेवणात काय होतं ते विचारलं. तो ऐकून घेत होता. आपल्या दाराशी आल्यावर त्यानं मान वर करून छपराकडे बघितलं आणि म्हणाला, "काम चांगलं केलंय कुणीतरी." मग माझ्याकडे वळून अदबीनं विचारलं, "तुम्ही इथंच राहता का, बाई?"

निकाल जानेवारीत आला. वाटेचा वापर पहिल्यापासून मालकाच्या परवानगीनं झाला, सबब ती सार्वजनिक नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमागच्या दाराला साखळी लागली. तरी मी सवयीनं त्याला दहाला बाहेर काढलं. तो थेट दाराशी गेला, साखळी हातात घेऊन बघितली आणि परत खाली सोडली. मला वाटलं होतं तो धक्के देईल, ओरडेल. तो म्हणाला, "बंद आहे. हरकत नाही." आणि मागं फिरला. त्याला तसंच शिकवलेलं होतं. ज्याच्या दाराला कुलूप, त्याचं कारण त्याला ठाऊक, आपण विचारल्याशिवाय हात लावू नये.

मी त्याला डांबरी रस्त्यानं फिरवलं, दुसऱ्या बाजूच्या सार्वजनिक पायवाटेनं नेलं, नदीकाठी नेलं. पायांनी काहीच ओळखलं नाही. तो माझ्या कोपराला धरून चालायचा आणि दर दहा पावलांवर विचारायचा, आपण कुठं आलोय. फेब्रुवारीअखेर तो एकटा पायरी चढेनासा झाला.

म्हणून मी कॅलोवेकडे गेले. गावात कुणालाही न सांगता गेले, कारण गावाला हरवून मी आता स्वतःपुरतं मागायला चालले होते. त्यानं स्वतः चहा केला. मी सांगितलं की माझ्या नवऱ्याला चालायला हवं, आम्हा दोघांनाच, दिवसातून एकदा, आमच्याकडे कुत्रं नाही. त्यानं माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाला, "मिसेस स्क्विब, तुम्ही दोन वर्षांपूर्वी येऊन एवढंच विचारलं असतं, तर मी त्या दिवशीच हो म्हटलं असतं." तो म्हणाला की आजही होच आहे, पण वकिलाकडून कागद करून घ्यायला हवा, नाही तर उद्या सगळं गाव हक्क सांगेल. कागद यायला सहा आठवडे लागले. श्री. व सौ. स्क्विब यांना, बुधवारी व रविवारी, दहा ते बारा, मालकाची मर्जी असेपर्यंत.

एप्रिलमधला बुधवार होता. मी त्याला त्याचा जुना कोट घातला, बूट बांधले. कॅलोवेच्या माणसानं येऊन साखळी काढून दिली आणि कोठारापर्यंत सोबत केली. मग तो थांबला आणि आम्ही दोघं पुढं गेलो.

हिवाळ्यात काम झालं होतं. चार शेतांमधली कुंपणाची झुडपं उपटून एकच मोठं मैदान केलं होतं, आणि घोड्यांसाठी पांढऱ्या लाकडी कठड्यांचे चौकोन आखले होते. चढायच्या पायऱ्या गेल्या होत्या. दोन कठड्यांच्या मधून एक सरळ, सपाट पट्टा ओढ्याकडे गेला होता, त्यावर भुसा टाकलेला. चालायला सोपं होतं. चिखल नव्हता. एक करडी घोडी कठड्याशी येऊन आमच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या पोटाशी नवं शिंगरू होतं.

आयव्हर माझ्या हाताला धरून पन्नासेक पावलं चालला. मी मुद्दाम काही बोलत नव्हते. मला वाटत होतं, ओढ्याचा आवाज आला की पाठ ताठ होईल. मग रान दिसेल, मग टेकडी. ओढ्याचा आवाज आला. तो थांबला. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कठड्यावर हात ठेवून तो गुळगुळीत पांढरा रंग चाचपला. मग माझ्याकडे वळला.

"आपण कुठं आलोय?"

घरात मी त्याला दिवसातून वीसदा उत्तर दिलं होतं. इथं मला ते देता येईना. तो वाट बघत राहिला, कुणाला अडचणीत आणल्यासारखा ओशाळून, आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, "राहू द्या, बाई. आपण परत जाऊ." मी त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, कारण वारा होता, आणि आम्ही परत फिरलो. बारा वाजायला अजून पावणेदोन तास होते. कॅलोवेचा माणूस कोठाराशी साखळी हातात घेऊन बसला होता; आम्हाला इतक्या लवकर आलेलं बघून तो उठला आणि त्यानं विचारलं, काही विसरलं का.